चिलिकेच्या कोळंबीत पैसे घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कंपनीतला सहकारी ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचा आहे, त्याच्या मेहुण्याची चिलिका सरोवरात ‘घेरी’, म्हणजे कोळंबी वाढवायला अडवलेला पाण्याचा तुकडा, आहे. तुम्ही तिच्यात सहा लाख घालायचे आणि तिकडून येणारी कोळंबी ठाणे-डोंबिवलीतल्या हॉटेलांना आणि सोसायट्यांना पुरवायची. सरोवर हजार-अकराशे चौरस किलोमीटरचं, तेव्हा माल बारा महिने तुटणार नाही, असं त्याचं म्हणणं. हा हिशेब बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी वर्सोव्याचा. १९९४ पासून कोळंबीच्या खरेदीत आहे, आधी एका निर्यातदाराकडे पगारावर आणि नंतर स्वतःचं. पूर्व किनाऱ्यावर बरीच पायपीट केलीय, त्यात चिलिकेवर किती वेळा गेलो ते आता मोजत नाही. म्हणून उत्तर लांबणार. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: घेरीत एक पैसाही घालू नका. का, ते खाली येईलच. कोळंबी पुरवायचा धंदा हा वेगळा विषय. तो जमू शकतो. जमेल की नाही हे तुम्ही कुठल्या महिन्यात, चिलिकेच्या कुठल्या अंगाला, कोणाकडून माल उचलता यावर आहे. ते मी इथून सांगू शकत नाही. पण कसं ताडायचं ते सांगतो.

तुमच्या मित्राची चूक आकड्यात नाही, आकड्याच्या अर्थात आहे. पावसाळ्यात चिलिकेचं पाणी साधारण १,१६५ चौरस किलोमीटरवर पसरतं आणि उन्हाळ्यात ते सुमारे ९०६ वर येतं. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे मुंबई त्यात दीडदा मावली. पण खोली? सरासरी दीड-दोन मीटर. बऱ्याच भागात होडीवाला वल्हं मारतच नाही, लांब बांबूने तळ रेटत होडी पुढे नेतो. एवढ्या उथळ पाण्यात मासळी ‘साठून’ राहत नाही. ती येते आणि जाते. म्हणून मी क्षेत्रफळ विचारत नाही, वाट विचारतो.

आपण मुंबईकर तलाव म्हटलं की पवई-विहार डोळ्यांपुढे आणतो. बांध घातला, गोडं पाणी अडवलं, संपलं. चिलिका तसली नव्हे. ती एक प्रचंड खाडी समजा, जिच्या तोंडाशी समुद्रानेच वाळूचा बांध घातला आहे. बंगालच्या उपसागराच्या त्या किनाऱ्यावर लाटा वर्षातला बराच काळ नैर्ऋत्येकडून येतात आणि वाळू किनाऱ्याला लागून ईशान्येकडे सरकत राहते. हजारो वर्षांत त्या वाळूची लांबलचक जीभ तयार झाली आणि आतलं पाणी कोंडलं गेलं. वरच्या अंगाने महानदीच्या दया, भार्गवी या शाखा गोडं पाणी आणि गाळ आणून ओततात. पश्चिमेकडून पूर्व घाटाच्या टेकड्यांतले ओढे येतात. समुद्राच्या बाजूने भरती खारं पाणी आत ढकलते. गोडं वरून, खारं खालून. चिलिकेचं सगळं अर्थकारण या दोघांच्या भांडणावर चालतं.

सरोवर पुरी, खोर्धा आणि गंजाम अशा तीन जिल्ह्यांत साधारण ६५ किलोमीटर लांब, तिरकं पडलेलं आहे. जाणकार त्याचे चार भाग करतात. उत्तरेकडचा भाग नद्यांच्या तोंडाशी, गाळाचा, लव्हाळ्याचा. पावसाळ्यात तिथलं पाणी जवळजवळ गोडं होतं. मधला भाग मोकळा. नलबण हे पक्ष्यांचं अभयारण्य आणि कालिजाई देवीचं बेट तिथेच. दक्षिणेला रंभ्याकडे पाणी खोल, काठ खडकाळ आणि खारटपणा त्यातल्या त्यात स्थिर. तिकडे पालूर कालव्याने ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी एक बारीक जोड आहे. चौथा भाग म्हणजे बाहेरची वाट. मगरमुखापासून समुद्राला समांतर धावणारा हा अरुंद पट्टा नकाशावर क्षुल्लक दिसतो. धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा तोच.

का, ते कोळंबीला विचारा. टायगर किंवा पांढरी कोळंबी अंडी समुद्रात घालते. पिल्लं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची झाली की भरतीबरोबर आत शिरतात, उथळ, गवताळ, निमखाऱ्या पाण्यात काही महिने वाढतात आणि अंगाने भरली की पुन्हा बाहेर निघतात. तिकडचे लोक ज्याला खइंगा म्हणतात ती आपली बोय, तीही अंडी घालायला समुद्रात जाते. जिताडा, म्हणजे त्यांचा भेकटी, त्याचंही मुखाशी असंच नातं. म्हणजे सरोवर हे पाळणाघर आहे आणि त्याला मोठा दरवाजा एकच. दरवाजा मिटला की पाळणे रिकामे. आपल्याकडे खाडीच्या तोंडावर भराव पडला की आत काय होतं ते वर्सोव्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९५ च्या डिसेंबरात पहिल्यांदा बाळुगावला उतरलो, चिलिकेचा मासळीबाजार तिथे भरतो. शेठने सांगितलं होतं, टायगरचा मोठ्या आकाराचा माल मिळेल तेवढा उचल. तीन दिवस पहाटे धक्क्यावर उभा राहिलो. होड्या येत होत्या, पण टोपल्यांच्या तळाशी दोन-दोन मुठी माल. एका म्हाताऱ्याने टोपली माझ्यासमोर उपडी केली, त्यात बोटाएवढी करंदी, एक चिंबोरी आणि ओलं शेवाळ. माझ्या ओडियाची तेव्हा बोंब होती, पण त्याने वाळूच्या दिशेने हात केला आणि मूठ मिटून दाखवली. तोंड बंद. एवढं कळलं.

आकडेही तेच सांगतात. १९८५-८६ मध्ये चिलिकेतून साडेआठ हजार टनांच्या आसपास मासळी निघत होती. १९९५-९६ मध्ये, म्हणजे मी गेलो त्या हंगामात, ती जेमतेम तेराशे टनांवर आली. क्षेत्रफळ तेवढंच होतं बरं का, अकराशे चौरस किलोमीटर. बदललं काय, तर बाहेरची वाट गाळाने आणि सरकत्या वाळूने लांबत, चिंचोळी होत गेली आणि समुद्राचं मुख दूर सरकून उथळ झालं. आतला खारटपणा घटला, पाणवनस्पती माजली, पिल्लं आत येईनात. चिलिका १९८१ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे, भारतातल्या पहिल्या दोन स्थळांपैकी एक. १९९३ मध्ये तिचं नाव धोक्यात आलेल्या पाणथळींच्या नोंदवहीत गेलं.

मग उपाय झाला, आणि त्यात आपल्याकडच्या लोकांचाही हात होता. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास केला, आणि २३ सप्टेंबर २००० ला सिपाकुदाजवळ वाळू कापून समुद्राला नवं तोंड पाडलं. बाहेरची वाट जवळपास १८ किलोमीटरने आखूड झाली. १९९९-२००० मध्ये पावणेदोन हजार टनांच्या घरात असलेली मासळी २००१-०२ मध्ये १२,००० टनांच्या आसपास गेली. दोन वर्षांत सातपट! त्या वर्षी मी बाळुगावला गेलो तर बर्फाला भाव आला होता. बर्फ कारखान्यासमोर टेम्पोंची रांग, आणि फोडलेल्या लाद्यांवरून दोन व्यापाऱ्यांची जुंपलेली. २००२ मध्ये चिलिका धोक्याच्या नोंदवहीतून बाहेर आली आणि चिलिका विकास प्राधिकरणाला रामसरचा पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर पुरस्कारापेक्षा ती बर्फाची रांग जास्त बोलकी होती.

आता यातला ‘पण’. पाडलेलं तोंड जिथे पाडलं तिथेच राहील असं नाही. वाळू सरकतेच आहे. वादळं तर आहेतच. ऑक्टोबर २०१३ चं फायलिन गोपालपूरला धडकलं, मे २०१९ चं फनी पुरीजवळ. फनीनंतर वाळूच्या जिभेत नवी मुखं फुटली आणि आतला खारटपणा वाढला. खारं वाढलं की काही जातींना मानवतं, काहींना नाही. त्यामुळे ‘गेल्या वर्षी एवढा माल निघाला’ हे वाक्य चिलिकेत एका वर्षापुरतंच खरं धरायचं. मी पुरवठादाराकडे निदान तीन वर्षांच्या खरेदी-वह्या मागतो, महिन्यावार. दाखवायला कांकूं करणाऱ्याकडून घेत नाही.

हे फक्त चिलिकेचं नाही. केरळात वेंबनाड सरोवरावर भातशेती वाचवायला तण्णीरमुक्कमचा बंधारा घातला. खारं पाणी अडलं, भात झाला, पण बंधाऱ्याच्या वर मासळी आणि शिंपल्या घटल्या. आंध्र-तमिळनाडूच्या सीमेवरच्या पुलिकतचं मुख वाळूने वारंवार बुजतं. किनाऱ्यावरचं कुठलंही मोठं सरोवर असो, मी आधी मुखाची चौकशी करतो.

आता घेरी. हा शब्द तुम्हाला मित्राने फार सहज सांगितलेला दिसतो. घेरी म्हणजे सरोवराच्या उथळ पाण्यात बांबू रोवून, जाळं लावून किंवा मातीचा बांध घालून अडवलेला तुकडा. आत पिल्लं सोडायची, वाढवायची, विकायची. ऐंशीच्या दशकात टायगरला परदेशात भाव आला आणि पैसेवाले बाहेरून उतरले. तोवर सरोवराची वाटणी जुनी होती. तिथल्या मच्छीमार जातींपैकी केउट जाळ्याने धरायचे, कंडरा ‘खंडा’ हा बांबूचा सापळा लावायचे, तियर वगैरेंची आपापली साधनं आणि जागा. आपल्याकडे डोलीसाठी, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यासाठी, समुद्रात खांब ठोकायच्या जागांवरून गावागावांत जुंपते ना, त्या जागांचे जसे अलिखित मालक असतात तसंच. मग त्या जागांवर घेऱ्या उभ्या राहिल्या आणि होड्यांच्या वाटा बंद झाल्या. पिल्लांची वाटही अडली.

११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीबद्दलच्या निकालात चिलिका आणि पुलिकत या दोन्ही सरोवरांपासून १,००० मीटरच्या आत कोळंबी संवर्धनाचा उद्योग चालणार नाही, असं सांगितलं. तरी घेऱ्या गेल्या नाहीत. मे १९९९ मध्ये सोराना गावात याच भांडणातून पोलिसांच्या गोळीबारात चार माणसं गेली. त्यानंतरही उच्च न्यायालयाचे आदेश, घेऱ्या उखडण्याच्या मोहिमा, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बांबू रोवलेले, असं चालूच आहे. तेव्हा मेहुण्याच्या घेरीचा कागद मागून बघा. दाखवला तरी तो स्टॅम्प पेपरवरचा आपसातला करार निघेल. जी वस्तू सरकारी जेसीबी एका सकाळी उखडून टाकू शकतो आणि तुम्ही तक्रारही करू शकत नाही, तिच्यात भागीदारी कसली? शिवाय तुमचे सहा लाख कोणाच्या तरी होडीच्या वाटेवर बांबू रोवणार. माझ्यासारख्या कोळ्याला ते पटत नाही, हेही सांगून ठेवतो.

काठापासून लांब, खासगी जमिनीवरची, किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाकडे नोंदलेली तळी असतात. तो कायदेशीर धंदा आहे आणि त्यांचा माल घ्यायला हरकत नाही. पण ती बहुतेक व्हॅनामेई असते, २००९ नंतर आपल्याकडे आलेली मूळची परदेशी जात. ती ‘चिलिकेची’ म्हणून विकू नका. मी एकदा फसलो. चिलिकेचा जंगली माल म्हणून जादा भाव दिला, पेटी उघडली तर सगळे नग एकाच साच्यातून काढल्यासारखे. सरोवरातला माल कधीच असा एकसारखा नसतो. खंड्यात लहान-मोठी, दोन-तीन जातींची, मध्ये एखादी चिंबोरी अशी सरमिसळ येते. गिऱ्हाईकाने ओळखायच्या आत मीच ओळखली, म्हणून निभावलं.

खंडा कसा असतो ते सांगायचं राहिलं. बांबूच्या बारीक कामट्यांचा पेटीसारखा सापळा. जाळ्याची किंवा कामट्यांची लांब भिंत पाण्यात तिरकी उभी करतात आणि तिच्या कोपऱ्यांत हे खंडे बसवतात. कोळंबी रात्री भिंतीला लागून सरकते आणि आत जाते. पहाटे खंडा उचलला की आधी पाणी गळतं, मग आत पागोळ्या पडल्यासारखी टपटप ऐकू येते, कोळंबी कामट्यांवर उडत असते. कामट्यांमधली फट ठीक असेल तर बारकी पिल्लं निसटून जातात. मच्छरदाणीसारख्या बारीक विणीचं जाळं लावलं की तीही अडकतात, आणि दोन महिन्यांनी जी किलोला तीस-चाळीस भरली असती ती आज सुकटीच्या भावात जाते. माल घेताना मी फट बघतो. बारकी कोळंबी आणणाऱ्याकडे पुढच्या हंगामात मोठी कुठून येणार?

पैसा कसा फिरतो तेही समजून घ्या, नाहीतर तुम्हाला वाटेल की थेट मच्छीमाराकडून घेतलं की दलाली वाचली. आसपासच्या गावांत दोन लाखांच्या घरात माणसं या मासळीवर जगतात. त्यातले बरेच जण व्यापाऱ्याच्या उचलीत असतात, तिकडे तिला दादन म्हणतात. होडी, जाळं, लग्न, आजारपण, सगळ्याला व्यापारी पैसा देतो, व्याजाऐवजी माल बांधून घेतो आणि बाजारापेक्षा कमी भाव लावतो. आपल्या बंदरावर डिझेल-बर्फाला उचल देणारा दलाल आठवा. म्हणून मच्छीमार तुम्हाला हसून चहा पाजेल, पण माल त्याच्याच काट्यावर घालेल. सुरुवातीला व्यापाऱ्याशीच बोलावं लागेल. प्राथमिक मच्छीमार सहकारी संस्था आहेत. काही नीट चालतात, काही नावापुरत्या. जाऊन बघावं लागतं.

मासळीखेरीज तिथे पैसा पर्यटनाचा. सातपडा गावातून इरावती डॉल्फिन बघायला होड्या सुटतात, हिवाळ्यात लाखो पक्षी येतात, मंगळाजोडीत तर पूर्वी पक्षी मारणारेच आता पक्षी दाखवतात. याचा तुमच्याशी संबंध एवढाच की थंडीच्या दिवसांत पर्यटकांना फिरवणाऱ्या माणसाला त्यात रोख पैसा दिसत असेल, तर तो जाळ्याकडे कमी वळतो. एके काळी काठावर मिठाचा धंदाही मोठा होता, आणि तो मुलूख १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. इंग्रज फौज गंजामहून याच वाळूच्या पट्टीने चालत पुरीला पोचली आणि ओडिशा हातचा गेला. विषयांतर झालं, पण त्या पट्टीवर उभं राहिलं की मला हे दर वेळी आठवतं.

आता वाहतुकीचा हिशेब. बाळुगाव ते मुंबई रस्त्याने सोळाशे-सतराशे किलोमीटर. कोळंबीला वजनाएवढा बर्फ धरा. डोक्यासकट माल आणलात तर वाटेत डोकं आधी काळं पडतं. डोकं काढून आणलात तर दहा किलोचे सहा-साडेसहा किलो उरतात. समजा तिकडे डोक्यासकट किलोला ४०० रुपये दिलेत, तर बिनडोक्याचा माल तिथेच ६१५ ते ६६७ ला पडला, आणि बर्फ, पेटी, भाडं, हमाली, तूट अजून बाकी आहे. मित्राच्या कागदावर हे गणित आहे का बघा. कात टाकलेली मऊ कोळंबी वेगळी काढायला सांगा, ती प्रवासात पिचते.

पावसाळ्यातल्या चढ्या भावाचं गाजर त्याने दाखवलं असेलच. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून भाव चढतो, हे खरं. पण तेव्हाच तिकडे नद्या गोडं पाणी ओतू लागतात, उत्तरेकडचा खारटपणा उतरतो आणि कुठल्या अंगाला काय मिळेल ते बदलतं. बारा महिने एकाच भावात, एकाच काउंटचा, म्हणजे किलोला ठरावीक नग भरणारा, माल देण्याचा करार हॉटेलशी करू नका. हंगामापुरता करा आणि उरलेल्या महिन्यांत नोंदणीकृत तळ्यांचा माल त्याच्या खऱ्या नावाने द्या. अन्नसुरक्षा परवाना आधी काढा.

पैसे न नेता एकदा जाऊन या. कोणार्क एक्सप्रेस बाळुगावला नेते. परत येताना खिडकी डाव्या हाताची धरा, बाळुगावपासून रंभ्यापर्यंत सरोवर अधूनमधून दिसत राहतं. धक्क्यावर तीन पहाटा काढा, काट्यावर कोण बसतो आणि भाव कोण पुकारतो ते बघा. मगच पहिली खेप मागवा, चाळीस किलोच्या वर नको. आणि पेटी आली की ती तुम्ही स्वतः उघडा. वरचे दोन थर सगळेच नीट भरतात. चौथ्या थरात हात घालून बर्फ शिल्लक आहे का आणि डोक्यांचा रंग कसा आहे ते बघा, मग पुढच्या खेपेचं बोला.